जुन्या माळवदाच्या घरात कोळी, गोम, झुरळं… भीती जाईना, आता लेकरू पण भ्यायलंय. उपाय सांगा

औशाची_सून

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. माहेर माझं नांदेडचं, लग्नानंतर ६ वर्षं पुण्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅटमधे काढली, तिथं फार तर एखादं झुरळ दिसायचं. या जूनमधे सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून मी आणि माझी ४ वर्षांची लेक गावाकडं रहायला आलो, औसा तालुक्यात. मिस्टर पंधरा दिवसाला येऊन जातात. घर जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचं सपाट छत, नऊ खणाचं, भिंती अडीच फूट रुंद, मे महिन्यात सुद्धा आत गार असतं म्हणतात, घराबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट मला हे घर आवडतं. पण तुळयांच्या आणि वरच्या फळ्यांच्या फटीत कोळी आहेत, आणि एकदोन नाहीत, लई आहेत. जाळी विणणारे बारीक पायाचे मी कसेबसे सहन करते, पण एक मोठा चपटा तपकिरी कोळी आहे, तळहाताएवढा पसरतो, जाळं नाही काही नाही, रात्री भिंतीवर नुसता बसलेला असतो आणि लाईट लावला की सर्रकन पळतो. त्याला बघितलं की माझे हातपाय गळतात, खरंच सांगते, घसा कोरडा पडतो, छातीत धडधडतं, त्या खोलीत परत पाऊल टाकवत नाही.

मागच्या आठवड्यात रात्री तो वरून आमच्या वाकळेवर पडला. मी किंचाळले आणि लेकीला उचलून ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या ओसरीत पळाले, रात्रभर तिथंच खुर्चीवर बसून होते. आता लेक संध्याकाळ झाली की मोरीत एकटी जात नाही, आधी वर बघते, मग विचारते "आई, कोळी हाय का?" हे मला फार लागलंय. माझी भीती मी तिच्या अंगात घातली असं वाटायलंय.

घरात सांगितलं तर मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात त्यात काय भ्यायचं, तो काय खातोय का. जाऊबाई हसतात. कुणी वाईट नाही, पण मी नाटक करतेय असं त्यांना वाटतं आणि ते मनाला लागतं. मिस्टरांनी उपाय काढला की कपाशीवर मारायचं औषध शिल्लक आहे, या खेपेला आलो की फवारणीच्या पंपानं सगळं माळवद आतून मारून घेतो, एकदाच काम होईल. मला ते पण नको वाटायलंय, सासरे त्याच घरात दिवसभर पलंगावर असतात.

शिवाय मोरीत पाण्याच्या टिपाडाच्या मागं झुरळं, पावसात एकदोनदा गोम निघाली, आणि बळदाच्या, म्हणजे धान्य साठवायच्या जागेच्या, तोंडाशी बारीक काळे किडे. विंचू अजून दिसला नाही पण मामी म्हणतात दरवर्षी निघतोच. तर हे कोळी विषारी असतात का, फवारणी करावी का, आणि ही भीती कमी होते का कधी? ज्यांनी अनुभवलंय त्यांनीच सांगा.

परभणी_मास्तर

ताई, आधी एकच गोष्ट. ते कपाशीचं औषध घरात अजिबात मारू नका. मिस्टरांना आजच फोन करून सांगा, ते यायची वाट बघू नका. शेतातली औषधं मोकळ्या रानासाठी असतात, तिथं सुद्धा २०१७ ला विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी गेलेत. तुमच्या घरात तर माती आणि लाकूड आहे, ते औषध शोषून घेतं, महिनोन्महिने धूळ खाली पडत राहील, आणि खाली पलंगावर आजारी माणूस आणि जमिनीवर खेळणारं लेकरू. नाही म्हणजे नाही.

आता कोळ्यांचं. मी ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. तुम्ही ज्याचं वर्णन केलंय तो मोठा चपटा, जाळं न विणणारा, तो शिकारी कोळी. शास्त्रीय नाव हेटरोपोडा वेनाटोरिया. तो तुमच्या घरात आलाय त्याचं कारण तुम्हीच शेवटी लिहिलंय, टिपाडामागची झुरळं. झुरळ हेच त्याचं मुख्य खाणं. झुरळं कमी झाली की तो आपसूक दुसरीकडं जातो, त्याला वेगळं औषध लागत नाही. चपटा यासाठी की फटीत बसता यावं, दिवसभर तुमच्या तुळईच्या सांध्यात बसतो आणि रात्री निघतो. कधी पोटाखाली पांढरं गोल बटणासारखं घेऊन फिरताना दिसला तर ती मादी, ती अंड्याची पिशवी असते, तिला त्या वेळी डिवचू नका. विष बहुतेक सगळ्याच कोळ्यांना असतं, भक्ष्य मारायला, पण या कोळ्याच्या विषानं माणसाच्या जिवाला धोका नाही. हाताखाली दाबला गेला किंवा डिवचला तरच चावतो, थोडा वेळ आग होते, जागा सुजते, बास.

दुसरा तो लांब काडीसारख्या पायाचा, कोपऱ्यात विस्कटलेलं जाळं करतो, फुंकर मारली की जागेवर थरथरतो. हा डास आणि चिलटं पकडतो. तिसरा अजून तुमच्या लक्षात आला नसेल, भिंतीवर दिवसा उड्या मारत चालतो, नखाएवढा, पुढं दोन मोठे डोळे. माशा मारतो. लेकीला दाखवायचा असेल तर पहिला हाच दाखवा, तो मान वळवून आपल्याकडं बघतो, लेकरांना फार आवडतो. माझ्या वर्गातली पोरं याला बघूनच कोळ्यांना भ्यायची थांबतात असा माझा अनुभव आहे.

आणि एक गैरसमज काढून टाका. आपल्याकडं अंगावर लाल पट्टा उठून फोड आले की "कोळी मुतला" म्हणतात. कोळ्याच्या मुतानं असं काही होत नाही. पावसाळ्यात ट्यूबलाईटला एक लांबट किडा येतो, मुंगीसारखा, तांबडा आणि काळा आळीपाळीनं, त्याला अॅसिड फ्लाय म्हणतात पण तो माशी नाही, भुंगेऱ्याच्या जातीचा आहे. तो चावत नाही, पण मानेवर बसला आणि आपण चापटीनं चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीला लागतं आणि एकदोन दिवसांनी भाजल्यासारखा पट्टा उठतो. म्हणून अंगावर बसला तर फुंकर मारून उडवायचा, आणि चिरडला गेलाच तर लगेच साबणानं धुवायचं. एका अंगाला पट्ट्यात फोड आले आणि आतून ठणका असेल तर तो नागीण नावाचा आजार पण असू शकतो, तेव्हा डॉक्टरला दाखवा, कोळ्याला दोष देत बसू नका. माझ्या आईला आठ दिवस आम्ही "कोळी मुतला" म्हणून चंदन लावत बसलो होतो आणि ती नागीण निघाली, तो उशीर अजून मनात आहे.

रानमाणूस_केज

एवढं काय त्यात. चप्पल घ्यायची आणि मारायचा. गावात रहायचं तर हे असणारच, आमच्या बाया नाही भ्यायच्या कधी.

औशाची_सून

दादा, मारायला सुद्धा जवळ जावं लागतं ना. मला दारातून आत जाववत नाही, तेच तर सांगतेय. तुमच्या बाया भीत नसतील, किंवा तुम्हाला सांगत नसतील.

मास्तर, खूप आभार. फोन केला, औषधाचा डबा शेतातल्या खोलीत नेऊन कुलपात ठेवायला सांगितलाय. तो झुरळासाठी येतो हे वाचून कसं सांगू, थोडं बरं वाटलं, म्हणजे तो माझ्यासाठी आला नव्हता.

पांढरीची_लेक

बाई, मी अंबाजोगाईची, वय ६३, जन्म माळवदातला आणि लग्न करून आले ते पण माळवदात. तुझ्या सासूबाईंना दोष देऊ नकोस, पण तू नाटक करायलीस असं पण नाही, माझी धाकटी बहीण अशीच होती, पालीला भ्यायची, आम्ही हसायचो आणि ती रडायची. आज त्याचं वाईट वाटतं.

आता घराचं बघ. माळवदात जीव रहातातच, माती आणि लाकूड आहे ते, पण किती राहू द्यायचे ते आपल्या हातात. आम्ही वर्षातून एकदा घट बसायच्या आधी दसरा काढायचो, तुमच्याकडं पण काढत असतील. सगळ्या वाकळा, गोधड्या, कपडे नदीला, भांडी अंगणात, आणि मग लांब बांबूला शिंदीचा फडा बांधून तुळई न तुळई, देवळी न देवळी झाडायची. वर्षातून एकदा पुरत नाही बरं का, पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याला एकदा, असं दोनदा करायचं. जळमटं काढायचं काम तू करू नको, ते दुसऱ्याला सांग, तू गोधड्या धुवायला जा. त्यात लाज नाही. फटी बुजवायला पांढरी माती आणि बारीक भुसा कालवून लिंपून घ्या, गावात अजून एखादा म्हातारा असेल ज्याला येतं, त्याला बोलवा, आणि वर माळवदावर गवत उगवलं असेल तर तेही काढून घ्या, मुळ्या खाली उतरल्या की पाणी गळतं आणि ओल आली की गोम आणि वाळवी दोन्ही येतात. सान्याला, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकाला, बारीक जाळी ठोका. तिथून उजेड येऊ द्या, किडे नको.

झोपायच्या जागी वर, तुळईच्या खाली जुनी सुती साडी ताणून बांधायची. आमच्याकडं माती पडू नये म्हणून बांधायचे, पण वरून काही पडलं तर ते साडीत पडतं, अंगावर नाही. आणि त्याच्या खाली मच्छरदाणी, चारी बाजूनं गादीखाली खोचलेली. माझ्या मते तुला आज रात्रीची झोप यानंच लागेल, बाकी सगळं नंतर.

बळदातले किडे म्हणजे सोंडे. ज्वारी, गहू काढून चांगल्या उन्हात वाळवा, चाळा, लिंबाचा वाळलेला पाला घाला, घरच्यापुरत्या गव्हाला एरंडेल तेलाचा हात चोळा. पण धान्यात टाकायच्या त्या गोळ्या मिळतात ना, पुडीत बांधून टाकायच्या, त्या झोपायच्या घरात कधीच टाकू नका. त्यातून फॉस्फिन वायू निघतो, ओल लागली की जास्तच, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. आमच्या गल्लीत एका घरात दोन लेकरं गेली अशी. त्यांच्या आईला मी रोज बघते, म्हणून एवढं कळवळून लिहायलेय.

भोकरदनचा_शेतकरी

ताई मी जालना जिल्ह्यातला. कोळ्याचं मास्तरांनी सांगितलंच, मला विंचवाचं सांगायचंय कारण तुमच्या घरात लहान लेकरू हाय. मला १९९८ ला इंचू चावला, तुराट्याचा भारा उचलताना, मी १२ वर्षाचा होतो. लाल होता, बारीक नांग्या आणि जाड शेपूट. मोठा काळा इंचू दिसायला भयंकर पण त्याचं एवढं नसतं, लालच वाईट. मला आधी मंत्र टाकणाऱ्याकडं नेलं, दोन तास तिथं गेले, तोवर अंगाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, छाती अशी धडधडायची की वाटलं फुटती. नंतर चुलत्यानं मोटरसायकलवर मधी बसवून दवाखान्यात नेलं म्हणून आज लिहायलोय.

आपल्याच भागातले डॉ. हिंमतराव बावस्कर, देहेड गावचे, त्यांनी तिकडं महाडला काम करताना लाल विंचवाच्या रुग्णांवर प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं औषध वापरून दाखवलं आणि त्यामुळं हजारो जीव वाचले, २०२२ ला पद्मश्री मिळाली. म्हणजे उपचार हाय, गोळी हाय, विषावरची लस पण हाय, चावल्यावर द्यायची, फक्त वेळेत पोचायला पाहिजे. लेकराला चावला तर एक मिनिट पण घरी थांबू नका, कापू नका, दोरी बांधू नका, चुना लावू नका, सरळ सरकारी दवाखाना. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा नंबर आजच दारामागं लिहून ठेवा, आणि तिथं प्राझोसिन आणि विंचवाची लस ठेवलेली असती का ते एकदा जाऊन विचारून या, आम्ही विचारून आलतो.

आता घरी काय करायचं. सरपण, गवऱ्या, कडबा, तुराट्या, पऱ्हाट्या, जुन्या विटा हे काही भिंतीला चिटकून ठेवायचं नाही, दहा पंधरा फूट लांब. रात्री जमिनीवर अंथरूण टाकायचं नाही, खाट पाहिजेच, आणि खाट भिंतीपासून हातभर पुढं. मण्यार पण रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावती, त्यामुळं खाट आणि मच्छरदाणीनं दोन्ही कामं होतात. सकाळी चप्पल, बूट, लेकीचे कपडे झटकून मग घालायचे. आणि एक गोष्ट बाजारातून आणा, नोटा तपासायची निळी यूव्ही बॅटरी, स्वस्तात मिळती. इंचू त्या उजेडात हिरवा निळा चमकतो, अंधारात लांबून दिसतो, अगदी फटीत शेपूट असली तरी. मी पावसाळ्यात रोज जेवण झाल्यावर घरातून आणि गोठ्यातून एक चक्कर मारतो. तुमच्या मिस्टरांना नाहीतर दिराला हे काम द्या. चक्कर झाली की बाई माणसाला शांत झोप लागती, मव्हा घरचा अनुभव हाय.

गोदाकाठची

ताई मी नांदेडचीच, आणि मला पण हाच त्रास होता, अगदी तुमच्यासारखाच, म्हणून एवढ्यासाठी लॉगिन केलंय. याला अरॅक्नोफोबिया म्हणतात, हा खरा त्रास आहे, नाटक नाही, आणि तो कमी होतो. माझा झालाय.

मी आधी इतकी टाळायचे की ज्या खोलीत एकदा कोळी दिसला तिथं महिनाभर जायचे नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मला समजावलं की टाळण्यानंच भीती वाढते, पळून गेलं की मनाला वाटतं आपण वाचलो, आणि पुढच्या वेळी ते अजून जोरात पळवतं. मग पायरी पायरीनं केलं. पहिल्या आठवड्यात कोळ्याचं फक्त चित्र, मी स्वतः पेनानं काढलेलं, तेवढ्यानं सुद्धा हात थरथरले. मग फोटो, मग व्हिडिओ आवाज बंद करून, मग झाकण लावलेल्या काचेच्या बरणीत छोटा कोळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग एकेक पाऊल जवळ. प्रत्येक पायरीला धडधड आपोआप उतरेपर्यंत तिथंच थांबायचं, आधी पळायचं नाही, हे महत्वाचं. मला अडीच महिने लागले. आज मी ग्लास उपडा टाकून खालून जाड पुठ्ठा सरकवून कोळी बाहेर अंगणात सोडू शकते. आवडत नाही अजून, पण सोडू शकते.

लेकीबद्दल. लेकरं आईच्या तोंडाकडं बघून शिकतात कशाला भ्यायचं ते, हे खरंय, पण त्याचाच अर्थ ती उलटं पण शिकतील. तुम्ही भीत नाही असं खोटं सांगू नका, तिला कळतं. तिला सांगा "आईला भीती वाटते, पण आई हळूहळू शिकायलीये". आणि पहिल्या पायऱ्या दोघी मिळून करा, मास्तर म्हणतात तो उड्या मारणारा कोळी शोधा, त्याला नाव ठेवा. रात्री तिच्यासमोर वर बघून कोळी तपासायची सवय मात्र बंद करा, मीही तेच करायचे, त्यानं भीती पक्की होते.

डॉक्टरकडं लगेच जाणं जमत नसेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. सासऱ्यांचं करून, लेकरू सांभाळून, नवरा लांब, तुमच्यावर तसाच ताण आहे ताई, आणि दमलेल्या माणसाला भीती जास्त धरते. फोन करा.

झुरळांसाठी जेल मिळतं सिरिंजमधे, साबुदाण्याएवढे ठिपके मोरीच्या कोपऱ्यात, टिपाडामागं, बिजागरीजवळ, लेकरू पोचणार नाही अशा ठिकाणी. जेल लावल्यावर तिथं स्प्रे मारायचा नाही, नाहीतर झुरळं ते खात नाहीत. रात्री मोरी कोरडी ठेवा. टिपाड आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून पालथं घाला, आठ दहा दिवसात अंड्याचा डास होतो आणि डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो. पाणी चार चार दिवसानं येतं तिथं हे अवघड आहे मला माहितीय, निदान वरून कापड घट्ट बांधा.

औशाची_सून

बारा दिवस झाले, सांगायला आलेय.

मच्छरदाणी आणि साडी त्याच दिवशी बांधली. साडी मामींनीच त्यांच्या पेटीतून काढून दिली, इरकली, जुनी, मऊ झालेली, मी नको म्हणलं तर म्हणाल्या राहू दे, तुला झोप तर लागंल. मग रात्री त्या माझ्याजवळ बसल्या आणि सांगितलं की १९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हापासून त्यांना या तुळयांखाली झोपायची भीती वाटते, आमचं घर उभं राहिलं पण त्यांचं माहेर किल्लारीच्या बाजूला, तिथलं गेलं. तीस वर्षं कुणाला बोलल्या नव्हत्या. अजून पण ट्रकचा आवाज झाला की जाग येते म्हणाल्या. आम्ही दोघी बराच वेळ बसलो होतो.

जेल लावलं, झुरळं खरंच कमी झालीत, सकाळी मेलेली दिसायलीत. मोठा कोळी मागच्या पाच दिवसात एकदाच दिसला, मी दारात उभी राहून बघितलं, पन्नास आकडे मोजले, घाम आला पण पळाले नाही. दिरांनी यूव्ही बॅटरी आणली, सरपणाच्या ढिगात एक विंचू सापडला, लाल, ढीग त्याच दिवशी गोठ्यापलीकडं हलवला. आरोग्य केंद्रात जाऊन विचारून आलेय, औषध आहे म्हणाल्या सिस्टर.

लेकीला देवळीजवळ उड्या मारणारा कोळी सापडलाय. तिनं त्याचं नाव टिंग्या ठेवलंय, रोज दुपारी त्याला बघायला जाते. काल संध्याकाळी मोरीत एकटी गेली, दार मात्र उघडं ठेवून.

दसरा पुढच्या आठवड्यात काढायचाय, जळमटं दीर काढणार आहेत, मी आणि मामी वाकळा घेऊन तेरणेला जाणार.